चारशे काड्या, दोन रंग आणि टाकलेल्या माना

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी डेकोरेटरचा फोन आला. "भाऊ, खोकी उघडली. फुलांनी माना टाकल्यात. आणि मी निळं सांगितलं होतं ना? यातलं कितीतरी जांभळं-राखाडी काहीतरीच आहे." मागं मांडवात ठोकाठोकी ऐकू येत होती. म्हणजे बाकीचं काम चालू होतं, अडलं होतं ते माझ्या मालापाशी.

मे २०२३. पुण्यातलं लग्न, गोरज मुहूर्त. स्टेजच्या मागच्या भिंतीला निळ्या हायड्रेंजियाच्या ४०० काड्या, नगाला ११० रुपये. तोवर आम्ही दुकानदारांना तीस-चाळीस काड्या पुरवायचो, त्याही जाता-येता, स्ट्रॉबेरीच्या गाडीतून. ही पहिली मोठी ऑर्डर, आणि तिच्यात एकाच रात्री दोन बिघाड झाले. एक रंगाचा, एक मरगळीचा. त्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. कारणं मी दोन्हींचीही आधी चुकीची लावली, म्हणून सगळी हकीकत सविस्तर लिहितोय. आपल्याकडे हे फूल आता बरेच जण लावायला लागलेत.

माल कुठला होता

आमचे प्लॉट दोन. वरचा पाचगणीच्या पुढं, महाबळेश्वरच्या वाटेवर, तांबड्या मातीत. तिथं स्ट्रॉबेरीच्या बांधाकडेनं शे-सव्वाशे झुडपं आहेत. मूळ कलमं एका जुन्या बंगल्याच्या बागेतून आणलेली. त्या भागात बंगला तिथं हायड्रेंजिया, आणि फूल बघावं तर निळंच. आम्हाला वाटायचं, हे फूल निळंच असतं.

खालचा प्लॉट वाईजवळ. शेडनेट, कोकोपीटच्या १८० बॅगा, ड्रिप, विहिरीचं पाणी. त्यातली सगळी रोपं वरच्याच झुडपांच्या छाटांपासून केलेली. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण जात वेगळी म्हणून रंग वेगळा असं म्हणायची सोय नव्हती. एकाच झाडाची लेकरं, राहायला दोन घरी.

ऑर्डरमधल्या २५० काड्या वरच्या, १५० खालच्या. वरच्या सगळ्या निळ्या निघाल्या. खालच्यांत अस्सल निळी एकही नाही.

रंगाचा तपास

खरं तर रंग बिघडतोय हे मला एप्रिलमध्येच दिसलं होतं. खालच्या प्लॉटवरचे गेंद, म्हणजे फुलांचे गोल झुबके, हिरवट-पांढऱ्यातून रंगावर यायला लागले आणि रंग यायला लागला गुलाबीसर. मी सामू, म्हणजे आंबटपणा दाखवणारा आकडा (pH), मोजायचा पेन काढला. जो तो हेच सांगतो की माती आंबट असली, सामू साडेपाचच्या खाली असला की हायड्रेंजिया निळा, आणि साडेसहाकडे गेला की गुलाबी. बॅगांमधून निथळलेलं पाणी ५.६ ते ५.८ दाखवत होतं. वरच्या मातीचा सामू ५.२. फरक होता, पण गुलाबी व्हावं इतका नव्हता. मग मी दोष हवेला दिला. वाईला उन्हाळा कडक, रात्री गरम, त्यात रंग उतरत असेल. गावात असं कारण कुणालाही पटतं.

कृषी महाविद्यालयातला एक वर्गमित्र आहे, त्याला फोन लावला. सगळं ऐकून त्यानं विचारलं, "सामू बरोबर आहे रे, पण कोकोपीटात ॲल्युमिनियम आणलंस कुठून?"

मी गप्प.

हायड्रेंजियाच्या निळ्या आणि गुलाबी फुलात रंगद्रव्य एकच असतं, डेल्फिनिडिन गटातलं. फुलाच्या पेशीत त्याला ॲल्युमिनियम भेटलं आणि जोडीला तिथलंच एक सहरंगद्रव्य बसलं की निळं दिसतं. ॲल्युमिनियम नसलं तर तेच रंगद्रव्य गुलाबी. सामूचं काम एवढंच की आंबट मातीत ॲल्युमिनियम विरघळून मुळांना मिळतं आणि सामू वाढला की ते मातीतच अडकून बसतं. सामू म्हणजे दाराची कडी. घरात माणूसच नसेल तर कडी काढून बाहेर कोण येणार? कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्यात ॲल्युमिनियम नावापुरतंही नाही.

वरच्या प्लॉटवर आम्ही ते फुकट वापरत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. लाखो वर्षं असा पाऊस झेललेल्या बेसॉल्टमधला चुना, सिलिका वाहून जातात आणि मागं उरतात लोह आणि ॲल्युमिनियम. तोच जांभा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांवर याच जातीच्या थरातून बॉक्साइट काढतात, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिजच. जुन्या बंगल्यांतल्या माळ्यांनी कधी काही घातलं नाही आणि फुलं निळी आली, ती या दगडाच्या जिवावर. देशावरच्या काळ्या चुनखडीच्या रानात हेच झाड लावा. सामू आठच्या आसपास, फूल गुलाबी, आणि वर पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहणार, कारण तिथं लोहही अडकतं. महाबळेश्वरहून हौसेनं निळ्या फुलाची कुंडी नेऊन पुढच्या वर्षी "नर्सरीवाल्यानं फसवलं" म्हणणारे दोन-तीन जण तरी माझ्या माहितीत आहेत. त्या नर्सरीवाल्याचा काही दोष नसतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर फूल स्वच्छ गुलाबी आलं असतं आणि ते गुलाबी म्हणून विकलं गेलं असतं. माझं आलं मळकट. कारण मी आणखी दोन उद्योग केले होते.

पहिला, खत. स्ट्रॉबेरीच्या सवयीनं मी याही बॅगांना ड्रिपमधून १२:६१:०० देत होतो. त्यातला मधला आकडा स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा. स्फुरद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना भेटले की घट्ट धरतात आणि न विरघळणारं संयुग होऊन बसतं. शिवाय विहिरीचं पाणी जड, बायकार्बोनेटचं, म्हणून सामू उतरवायला आणि नळ्या साफ ठेवायला मी फॉस्फरिक ॲसिड सोडत होतो. ड्रिपवाले सगळेच सोडतात. त्यानं सामू झकास उतरला, पेनावर ५.६ दिसला, आणि सोबत स्फुरदाचा आणखी एक हप्ता बॅगेत गेला. म्हणजे निळ्यासाठी दार उघडायला ज्याला बोलावलं, तोच आत येऊन वाट अडवून बसला. निळं हवं असेल तर स्फुरद कमी, पालाश (पोटॅश) जास्त हे हरितगृहात हायड्रेंजिया करणाऱ्यांचं जुनं गणित आहे. माझं बरोबर उलटं चाललं होतं.

दुसरा उद्योग घाबरून केलेला. मित्राचं ऐकून २० एप्रिलला मी ॲल्युमिनियम सल्फेट आणलं, पाणीपुरवठ्याच्या टाकीवर गढूळ पाणी निवळायला वापरतात तेच. घाई होती म्हणून लिटरला २५ ग्रॅम मिसळून ४० बॅगांना ओतलं, तेही दुपारी, बॅगा सुकलेल्या असताना. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. १२ झाडांची मुळं काढून पाहिली तर टोकं तपकिरी. रंग? गेंद एकदा रंगावर आला की नंतर ओतलेल्याचा उपयोग जवळजवळ नसतो. आधी उघडलेली दलं गुलाबीच राहिली, शेवटी उघडलेल्यांत थोडा निळा शिरला आणि एकाच गेंदात दोन्ही मिसळून तो राखाडी-जांभळा झाला. पावसात भिजलेल्या निळ्या शाईच्या वहीला जसा रंग येतो ना, तसा.

हे सगळं दिसत असून मी त्या काड्या ऑर्डरमध्ये का घातल्या? कारण ४०० भरत नव्हत्या. तोडताना मी मनाची समजूत घातली की रात्रीच्या दिव्यांत खपून जाईल. डेकोरेटरनं आधी फोटो मागवले होते. मी वरच्या प्लॉटचे पाठवले.

मानांचा तपास

आता दुसरा बिघाड. रंगाच्या बाबतीत निदान सुगावा तरी आधी लागला होता, इथं काहीच नाही. रात्री गाडीत भरताना फुलं टवटवीत होती.

आदल्या दिवसाचा क्रम असा. बाया स्ट्रॉबेरीच्या प्लॉटची उलगणी करत होत्या, म्हणून फुलांची तोडणी सकाळऐवजी दुपारी साडेतीनला सुरू झाली. तोडलेली काडी हातात, मग काखेत, मग क्रेटमध्ये आडवी. बांधापासून शेडपर्यंत क्रेट जायला वीस-पंचवीस मिनिटं. शेडमध्ये पानं काढून, दहा-दहाच्या गड्ड्या कागदात गुंडाळून, जरबेरासारख्या कोरड्या खोक्यात. वरचा माल पसरणी घाटानं खाली आला, खालचा त्यात चढला, नऊला गाडी निघाली. खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडं ट्रक बंद पडल्यानं गाड्या तुंबलेल्या. पुण्यात पोचायला दीड वाजला. खोकी उघडली पाचला. म्हणजे काही काड्या तेरा तास पाण्याशिवाय होत्या.

मी साडेपाचला निघालो आणि आठला पोचलो. तोवर तिथल्या बंगाली कारागिरांनी आपल्या परीनं काम सुरू केलं होतं. त्यांच्यातला एक वयस्कर माणूस दोनशे लिटरच्या निळ्या पिंपापाशी उभा होता. मला बघून म्हणाला, "मुंडी डुबाओ दादा, मुंडी." पिंपात फुलं उलटी घातलेली, गेंद पाण्याखाली आणि काड्या वर. मला वाटलं हा उरलंसुरलं नासवणार. जरबेराच्या किंवा गुलाबाच्या तोंडावर पाणी पडू नये म्हणून आम्ही जपतो, आणि इथं हा डोकीच बुडवत होता.

त्यानं एक गेंद बाहेर काढून दाखवला. तासाभरापूर्वी ओल्या रुमालासारखा लोंबत असलेला, आता बाहेरच्या बाजूची दलं ताठ झालेली, मधली अजून मऊ. त्यानं बोटानं टिचकी मारली तर बाहेरच्या दलांवरून पाणी मोत्यासारखं घरंगळलं आणि मधल्या दलांना चिकटून राहिलं. "आधा हुआ," म्हणाला आणि पुन्हा बुडवला.

यामागचं कारण नंतर समजून घेतलं. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो त्या हायड्रेंजियात पाकळ्या नसतातच. ती निदलं असतात, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी दलं, इथं मोठी झालेली आणि रंगलेली. खरी फुलं त्यांच्या मध्ये मुगाच्या दाण्याएवढी. गेंद म्हणजे शेकडो निदलांचा पसारा, आणि एवढ्या पसाऱ्यातून पाणी उडतं तेवढं त्या एका काडीनं पुरवायचं असतं. काडी कोरडी राहिली की तिच्या वाहिन्यांत हवेचा बुडबुडा शिरतो, कापलेल्या तोंडाशी चिकट रस साकळतो, आणि मग ती पाण्यात उभी केली तरी पाणी चढत नाही. पण निदलं स्वतःही पाणी शोषतात. म्हणून उलटं बुडवलं की काडी तुंबलेली असली तरी गेंद भरून येतो. बहुतेक फुलांना ही सोय नाही.

या झाडाच्या नावाचा अर्थ ग्रीकमध्ये पाण्याचं भांडं. त्याला पाणी फार लागतं म्हणून हे नाव पडलं असं लोक सांगतात, तसं नाही. त्याच्या बोंडाचा आकार घड्यासारखा असतो म्हणून ते नाव. पण त्या सकाळी मला लोकांचाच अर्थ बरोबर वाटत होता.

आम्ही काम वाटून घेतलं. कारागीर बुडवत होते. मी आणि माझा भाचा प्रत्येक काडी खालून दोन बोटं तिरकी कापत होतो. शेजारी मांडवाच्या चहावाल्याचं पातेलं होतं, त्याला शंभर रुपये देऊन त्यात उकळतं पाणी घेतलं आणि काडीचं टोक बोटभर, तीस सेकंद, त्या पाण्यात धरलं. वाफ गेंदाला लागू नये म्हणून फूल बाजूला कलतं ठेवायचं. पाण्यात टोकातून बारीक बुडबुडे निघताना दिसतात, ती अडकलेली हवा. साकळलेला रसही सुटतो. मग लगेच साध्या पाण्याच्या बादलीत.

साडेदहाला हिशोब केला. ४०० पैकी २३५ काड्यांनी माना टाकल्या होत्या. त्यातल्या १७६ उभ्या राहिल्या, ५९ गेल्या. त्या ५९ टाकून द्यायच्या आधी मी एकेक गेंद फाकवून पाहिला. ४७ गेंदांमधली मधली खरी फुलं अजून मिटलेल्या कळ्याच होत्या. म्हणजे फूल कच्चं होतं.

तिथं मला खरा सुगावा लागला. कच्चं आणि पक्कं हायड्रेंजिया लांबून सारखंच दिसतं, रंगही तोच. फरक हाताला कळतो. कच्च्या गेंदाची निदलं जुन्या ओढणीसारखी मऊ लागतात, पक्क्याची कोऱ्या नोटेसारखी कडक, मुठीत हलकं दाबलं की कुरकुरतात. पक्क्या गेंदातली मधली फुलं उमललेली असतात. कच्च्या निदलांतून पाणी फार झपाट्यानं उडतं आणि ती परत उभी राहत नाहीत. ४०० चा आकडा भरायला मी शेवटच्या शंभरेक काड्या पक्क्या व्हायच्या आठवडाभर आधीच तोडल्या होत्या.

घरी आल्यावर दुसरा पुरावा मिळाला. तोडणीच्याच दिवशी सकाळी साडेसहाला बायकोनं वरच्या प्लॉटवरून ३० काड्या तोडल्या होत्या, बहिणीच्या डोहाळजेवणासाठी. बादली सोबत घेऊन गेली आणि तोडली की काडी थेट पाण्यात. तिला कच्चं-पक्कं कुणी शिकवलं नव्हतं, "जून झालेली बघून काढली" एवढंच तिचं म्हणणं. पाचव्या दिवशी न्हाणीत त्या तिसांतल्या २९ ताठ उभ्या होत्या. तीच झुडपं, तोच दिवस.

मधेच एक गोष्ट. दुपारी केटररचा माणूस उरलेले गेंद मागायला आला. सुटी निळी दलं रसमलाईच्या वाट्यांवर टाकायची त्याची कल्पना होती. मी दिली नाहीत, वाद झाला. या झाडाची पानं-फुलं पोटात जाण्यासारखी नाहीत. जपानात २००८ च्या जूनमध्ये त्सुकुबा शहरात जेवणाच्या ताटात शोभेला ठेवलेली हायड्रेंजियाची पानं खाऊन काही जणांना उलट्या झाल्या होत्या. ज्या देशात हे फूल पावसाळ्याची खूण मानतात, देवळांच्या पायऱ्यांकडेनं लावतात, तिथं ही चूक झाली. आपल्याकडे तर फूल म्हटलं की गुलाबाच्या पाकळीसारखं वाटतं. डेकोरेशनवाल्यांनी केटररला आधीच सांगून ठेवावं.

४४,००० च्या बिलापैकी २७,००० हातात आले. राखाडी काड्या डेकोरेटरनं स्वागतकमानीला गुलाबी कार्नेशनमध्ये मिसळून लावल्या. माझ्याशी पुढचे दोन महिने तो नीट बोलला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

पुढं काय केलं

मे संपायच्या आत उरलेल्या फुलांवर बादल्यांचा प्रयोग केला. पाच बादल्या, प्रत्येकीत दहा काड्या. शास्त्रीय वगैरे काही नाही, पण मला पुरेसा होता. दुपारी तोडलेल्या, कच्च्या, दोन तास कोरड्या ठेवलेल्या दहांपैकी सातांनी दुसऱ्या दिवशीच माना टाकल्या. तशाच दुपारी तोडलेल्या पण पक्क्या दहांपैकी तिघांनी. सकाळी तोडून थेट पाण्यात ठेवलेल्या पक्क्या दहांपैकी सहा दिवस एकानंही नाही. चौथ्या बादलीत सकाळच्या पक्क्या काड्यांना उकळत्या पाण्याचा चटका, पाचवीत काडीचं टोक तुरटीच्या पुडीत बुडवून. या दोन्ही दहा दिवस टिकल्या आणि त्यांच्यात फरक मला सापडला नाही. म्हणजे चटका आणि तुरटी वरची फोडणी. मूळ काम सकाळच्या वेळेनं, पक्केपणानं आणि बादलीनं होतं.

तुरटीची मला गंमत वाटते. न्हाव्याच्या पेटीतला तो खडा म्हणजे पोटॅश आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट. वजनाला पाच-सहा टक्के ॲल्युमिनियम. तो काडीच्या टोकाला लावला तर फूल टिकतं, आणि आंबट मातीत विरघळवून मुळाला दिला तर फूल निळं होतं. घरी कुंडी दोन-चार असतील तर सल्फेटाची गोणी शोधत बसू नका, वाण्याकडची तुरटी पुरते. एकच अट, माती आधी ओली हवी आणि हात आखडता.

शेतावर आता सकाळी साडेआठच्या पुढं तोडणी नाही. तोडणाऱ्या बाईच्या कमरेजवळ पाण्याची बादली. पहिल्या आठवड्यात बाया वैतागल्या, ओझं होतं. मग दोघींमागं एक पोरगा फक्त बादल्या नेण्या-आणण्यासाठी ठेवला. गाडी पुण्याला जायची तर काड्या पाण्यात उभ्या नेता येत नाहीत, हिंदकळतं, जागाही फार जाते. कोलंबियात अँतिओकिया प्रांतात हे फूल परदेशी पाठवण्यासाठीच पिकवतात, ते प्रत्येक काडीच्या टोकाला पाण्याची छोटी पिशवी बांधतात. तसल्या तयार नळ्या मला महाग पडत होत्या. पोरं उन्हाळ्यात खातात त्या पेप्सीच्या लांब पिशव्या किलोवर मिळतात. त्यात दोन बोटं पाणी, काडी घालायची, वर रबर. एक बाई तासाला ऐंशी-नव्वद बांधते. पहिल्या खेपेला रबर सैल होतं आणि खोक्याचा तळ भिजून फाटला, ते शिकावं लागलं.

थंडीत ठेवायचं तर दोन ते चार अंश चांगलं. गावात स्ट्रॉबेरीचं प्रीकूलिंग आहे, म्हणजे माल गार करायची खोली, तिथं जागा मिळते. मी एकदा ठेवून पाहिलं आणि परत ठेवणार नाही. स्ट्रॉबेरीवर राखाडी बुरशी येते, बोट्रायटिस, तीच हायड्रेंजियाच्या निदलांवर तपकिरी ठिपके पाडते. रात्रीत गेंद डागाळला. आता शेडच्या उत्तरेकडच्या खोलीत ओल्या गोणपाटाची भिंत केलीय, तिथं रात्र काढली की पहाटे गाडीत.

रंगाचं काम जास्त वेळखाऊ निघालं. खालच्या १८० बॅगांचे मी दोन भाग केले. १०० बॅगांतून १२:६१:०० आणि फॉस्फरिक ॲसिड बंद, सामूसाठी सल्फ्युरिक ॲसिड अगदी पातळ, नायट्रोजन आणि पालाशवर भर. ॲल्युमिनियम सल्फेट लिटरला १० ग्रॅम, बॅगेला अर्धा लिटर, बॅग ओली असताना, पंधरा-पंधरा दिवसांनी चार वेळा, डिसेंबरच्या शेवटापासून. म्हणजे गेंद रंगावर यायच्या किती तरी आधी. पानावर पडलं तर लगेच धुवायचं. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या १०० पैकी बहुतेकांना निळा आला. वरच्या प्लॉटसारखा गडद नाही, फिकट आकाशी, पण निळाच. उरलेल्या ८० बॅगांत मुद्दाम स्फुरद चालू ठेवलं आणि सामू सव्वासहापर्यंत जाऊ दिला. त्या गुलाबी निघाल्या, स्वच्छ गुलाबी, आणि गुलाबी म्हणूनच विकल्या. पांढऱ्या जातीची आठ झाडं आहेत, त्यांच्यावर यातल्या कशाचाच परिणाम होत नाही.

छाटणीबद्दल एक कबुली उरली. प्लॉट नवा असताना मी एकदा फेब्रुवारीत, द्राक्षाच्या बागा डोळ्यांसमोर ठेवून, वरची झुडपं गुडघ्यापर्यंत छाटली होती. त्या वर्षी पानं मस्त आली, फूल नाही. या जातीचा गेंद जुन्या काडीवर येतो. पावसाळा संपून रात्री थंड व्हायला लागल्या की शेंड्यात पुढच्या उन्हाळ्याची कळी धरते, आणि फेब्रुवारीत शेंडा कापला म्हणजे फूलच कापलं. आता बहर संपला की श्रावणात उघडीप बघून फक्त फुललेल्या काड्या कापतो, दोन जाड डोळे ठेवून. तोडणीसाठी लांब काडी हवी असते आणि झाडाला डोळे ठेवायचे असतात, ही ओढाताण दर काडीला असते. डेकोरेटर फूट-सव्वा फूट मागतो. मी फुटावर थांबतो.

त्या डेकोरेटरनं २०२४ च्या एप्रिलमध्ये परत फोन केला. निळ्या २०० सांगितल्या, फोटो मागितले, आणि या वेळी झाडावरच्या फुलाशेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून काढ म्हणाला. मी काढले. मग जरा थांबून म्हणाला, "आणि भाऊ, तो मागच्या वर्षीचा होता ना, राखाडी-जांभळा? एका पार्टीला तसलाच पाहिजे. हल्ली तेच चाललंय. दीडशे देतो नगाला."

मी दोन बॅगा त्यासाठी वेगळ्या काढल्यात. थोडं स्फुरद, थोडी तुरटी, उशिरा. आतापर्यंत एकदा गुलाबी आला आणि एकदा निळा.